मेजर स्केल आणि सात मोड : पेटीवर करून पाहण्याची रीत

गिटार किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर कधी तरी ‘मोड’ हा विषय येतो, आणि बहुधा तो असा येतो की सी मेजर स्केल सी पासून वाजवले तर आयोनियन, तेच डी पासून वाजवले तर डोरियन, ई पासून फ्रिजियन, मग लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन, अशी सात नावे पाठ करायची. विद्यार्थी ती पाठ करतो, बोटेही चालवतो, पण त्याच्या मनात शंका उरतेच: पट्ट्या त्याच, स्वर तेच, कानाला लागते तेही सी मेजरच, मग सात नावे कशासाठी? ही शंका अगदी रास्त आहे, कारण त्याला सांगितलेली व्याख्याच अपुरी आहे. वादन कोणत्या स्वरापासून सुरू केले यावर मोड ठरत नाही; कोणता स्वर ‘सा’ म्हणून कानात बसला आहे आणि त्या सा पासून बाकीचे स्वर किती अंतरावर आहेत, यावर तो ठरतो. आपल्याकडे षड्ज, म्हणजे सा, हलवून नवी स्वरमालिका मिळवण्याच्या क्रियेला मूर्च्छना म्हणतात, आणि भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम व मध्यमग्राम या दोन मूळ स्वरमालिकांच्या प्रत्येकी सात अशा चौदा मूर्च्छना सांगितलेल्या आहेत. त्यामुळे ज्याच्या कानावर थोडेफार शास्त्रीय संगीत पडले आहे, त्या मराठी वाचकाला हा विषय इंग्रजी पुस्तकातल्यापेक्षा पेटीवर लवकर उमगतो.

यासाठी पेटी किंवा साधा कीबोर्ड आणि फोनवर तानपुऱ्याचे कोणतेही अॅप एवढे पुरे आहे. पट्ट्यांची नावे पेटीवाल्यांच्या सवयीप्रमाणे घेतली आहेत: सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, असे करत बी म्हणजे पांढरी सात, आणि काळ्या पट्ट्यांत सी शार्प ही काळी एक, डी शार्प काळी दोन, एफ शार्प काळी तीन, जी शार्प काळी चार, ए शार्प काळी पाच.

पहिली पायरी : मेजर स्केलची अंतरे

पांढरी एक हा सा धरून वरच्या सा पर्यंत सगळ्या पांढऱ्या पट्ट्या क्रमाने वाजवा. हे मेजर स्केल, म्हणजेच बिलावल थाटाचे (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठीचा सात स्वरांचा साचा) सात शुद्ध स्वर. आता दोन लगतच्या स्वरांमध्ये किती पट्ट्यांचे अंतर आहे ते काळ्या धरून मोजा. तिसऱ्या आणि चौथ्या पांढरीच्या मध्ये काळी पट्टी नाही, तशीच सातवी आणि वरची पहिली यांच्या मध्येही नाही. या दोन ठिकाणी अंतर एक अर्धस्वराचे, म्हणजे अगदी लगतच्या पट्टीइतके, आहे आणि बाकी सर्वत्र दोन अर्धस्वरांचे. म्हणून मेजर स्केलचा आराखडा २, २, १, २, २, २, १ असा होतो आणि त्याची बेरीज १२ येते. हा आराखडा कोणत्याही पट्टीपासून लावता येतो: पांढरी पाच हा सा धरला, तर शुद्ध नी साठी पांढरी चार चालत नाही, काळी तीन घ्यावी लागते. दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवरून हा आराखडा न अडखळता लावता येईपर्यंत पुढे जाऊ नये, कारण पुढचे सारे याच सात आकड्यांवर उभे आहे.

दुसरी पायरी : आधी फक्त काळ्या पट्ट्या

सात स्वरांच्या मोडकडे वळण्यापूर्वी पाच स्वरांवर हीच क्रिया करून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवेन. पाश्चात्त्य पुस्तके सहसा या वाटेने जात नाहीत, पण आपल्या कानाला इथे जी खात्री पटते ती सात पांढऱ्यांवर एकदम पटत नाही.

तानपुरा काळी तीनवर लावा आणि पाच काळ्या पट्ट्यांखेरीज कशालाही हात लावू नका. काळी तीन सा, काळी चार रे, काळी पाच ग, वरची काळी एक प आणि काळी दोन ध. हा सरळ भूप झाला. थोडा वेळ ‘ग रे सा, सा ध सा रे ग’ अशा वळणाने वाजवत राहा. आता पट्ट्या त्याच ठेवून तानपुरा काळी पाचवर न्या, आणि त्यात पंचमाऐवजी मध्यम ठेवा. काळी पाच सा झाली, की काळी एक कोमल (अर्धस्वर उतरलेला) ग, काळी दोन मध्यम, काळी तीन कोमल ध आणि काळी चार कोमल नी होते. मध्यमावर थांबत, कोमल ग वरून सा वर उतरत वाजवले, की मालकंस समोर उभा राहतो. एकही नवी पट्टी घेतलेली नाही, एकही सोडलेली नाही. हलला तो फक्त सा.

उरलेल्या तीन पट्ट्यांवरही तानपुरा नेऊन पाहावा. काळी चार सा केली तर सा रे म प आणि कोमल नी मिळतात, म्हणजे मधुमाद सारंग किंवा मेघ यांचे स्वर. काळी एक सा केली तर दुर्गेचे सा रे म प ध मिळतात आणि काळी दोनवरून धानीचे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. भूपाच्या पाच स्वरांत इतके वेगवेगळे राग दडलेले आहेत हे गायक-वादकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि मैफलीत भूपातून क्षणभर मालकंसाचा भास निर्माण करून परत येण्याची मूर्च्छनेची करामत याच गुणावर चालते. कर्नाटक पद्धतीत या क्रियेला ग्रहभेद म्हणतात.

इथे एक कसोटी लावावी. वाजवता वाजवता तानपुरा एकदम बंद करा, हात उचला आणि जो स्वर ‘घरचा’ वाटेल तो तोंडाने गा. तो तानपुऱ्याच्याच सा शी जुळला, तर मोड कानात बसला आहे. भूप वाजवून झाल्यावर लगेच मालकंस घेतला, तर सुरुवातीला कान पुन्हा पुन्हा काळी तीनकडे ओढ घेतो. मध्ये काही मिनिटांची विश्रांती घेणे हाच त्यावर उपाय.

तिसरी पायरी : पांढऱ्या पट्ट्यांवरचे सात सा

आता तीच क्रिया पांढऱ्या पट्ट्यांवर करायची. पांढरी दोनवर सा-प असा तानपुरा लावा. पांढरी तीन शुद्ध रे, पांढरी चार कोमल ग, पांढरी पाच मध्यम, सहा पंचम, सात शुद्ध ध आणि वरची एक कोमल नी. ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध: हा काफी थाट, आणि यालाच डोरियन म्हणतात. सा पासून मोजलेली अंतरे २, १, २, २, २, १, २ अशी येतात. मेजरच्याच आराखड्यातला पहिला आकडा उचलून शेवटी ठेवला आहे, एवढाच फरक. या मोडमध्ये नवशिक्याचे चुकते ते एकाच ठिकाणी: सवयीने तो पांढरी एकवर न्यास करतो, म्हणजे तिथे येऊन थांबतो, आणि तसे दोन-तीनदा झाले की तानपुरा चालू असूनही कान सी मेजरकडे परततो. म्हणून आधी सा च्या आसपासच राहावे, मंद्र कोमल नी वरून सा वर यावे, ‘रे ग रे सा’ असे छोटे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येक तुकडा सा वर किंवा प वर संपवावा.

पांढरी तीन सा केली तर रे, ग, ध, नी चारही कोमल होतात. हा भैरवी थाट, म्हणजे फ्रिजियन. पांढरी चारवरून मध्यम तीव्र (अर्धस्वर चढलेला) होतो आणि बाकी सारे शुद्ध राहतात, म्हणजे कल्याण थाट किंवा लिडियन. पांढरी पाचवरून फक्त नी कोमल होतो: खमाज, मिक्सोलिडियन. पांढरी सहावरून ग, ध, नी कोमल होतात: आसावरी, एओलियन, म्हणजेच पाश्चात्त्यांचे नैसर्गिक मायनर स्केल. आणि पांढरी एकवरचा बिलावल म्हणजे आयोनियन.

राहिली पांढरी सात. तिच्यावरून पंचम शोधायला गेले तर तो काळी तीनवर येतो, आणि पांढऱ्यांत ती नाही. जो पाचवा स्वर मिळतो तो पंचमापेक्षा अर्धस्वराने खाली असतो. सा-प चा आधारच नाहीसा झाल्यामुळे हा लोक्रियन मोड कानात टिकवणे अवघड जाते, आणि आपल्या दहा थाटांत त्याला जागा नाही. तानपुऱ्यात फक्त सा ठेवून तो एकदा ऐकावा आणि पुढे जावे. त्यावर जास्त वेळ घालवण्याची गरज मला तरी वाटत नाही.

थाटांची ही समीकरणे सोयीची आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखून वापरावीत. मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांचे वर्गीकरण करण्यासाठी दहा थाट मांडले. थाट गायचा नसतो, राग गायचा असतो. खमाज रागात आरोहात शुद्ध नी येतो, भैरवी गाताना कसलेला गायक बाराही स्वरांना स्पर्श करून जातो, आणि भीमपलास व बागेश्री एकाच काफी थाटातले असूनही त्यांच्या चालीत कोणी गल्लत करत नाही. मोड हा थाटासारखा आहे, रागासारखा नाही, एवढे लक्षात ठेवले की पुष्कळ निरर्थक वाद टळतात. शिवाय पेटीच्या बारा पट्ट्या समान अंतरांवर जुळवलेल्या असतात. तिचा शुद्ध ग हा तानपुऱ्यातून स्वयंभू उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, म्हणून मोडची नावे पेटीवर शिकली तरी त्यांचे स्वर गळ्याने आणि तानपुऱ्यावर पक्के करावेत.

चौथी पायरी : सा तोच, स्वर बदला

आतापर्यंत पट्ट्या स्थिर ठेवून सा हलवला. आता उलट करायचे: सा पांढरी एकवरच ठेवून स्वर बदलायचे. माझ्या मते शिकण्याच्या दृष्टीने हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, कारण सा एकच राहिल्यामुळे एकेका मोडचा रंग शेजारच्या मोडपेक्षा कसा वेगळा आहे हे लगेच ऐकू येते.

क्रम असा ठेवावा की प्रत्येक वेळी एकच स्वर बदलेल. सुरुवात कल्याणापासून करा: बिलावलातील मध्यमाऐवजी काळी तीन. मग मध्यम शुद्ध करा, बिलावल झाला. नी कोमल करा, म्हणजे पांढरी सातऐवजी काळी पाच घ्या, खमाज झाला. त्यात ग ही कोमल करा, काळी दोन, काफी झाला. मग ध कोमल, काळी चार, आसावरी. मग रे कोमल, काळी एक, भैरवी. आणि शेवटी पंचमही अर्धस्वर उतरवून काळी तीनवर आणला की लोक्रियन. जी काळी तीन या क्रमाच्या एका टोकाला कल्याणाचा तीव्र मध्यम होती, तीच दुसऱ्या टोकाला उतरलेला पंचम होऊन येते. उजळ रंगापासून गडद रंगाकडे जाणारी ही उतरण आहे, आणि तिसऱ्या पायरीतल्या मोडच्या सा ची जागा याच क्रमाने पाहिली तर एफ, सी, जी, डी, ए, ई, बी अशी येते; प्रत्येक सा आधीच्याचा पंचम असतो.

या क्रमात लगतच्या दोन मोडमध्ये फरक करणारा स्वर हाच त्या मोडची ओळख. काफी आणि आसावरी यांत ग व नी दोन्हीकडे कोमल असतात, फरक ध चा. म्हणून डोरियन वाजवताना शुद्ध ध जाणीवपूर्वक दाखवला नाही तर ऐकणाऱ्याला ते साधे मायनरच वाटते. खमाजात शुद्ध ग पाठोपाठ कोमल नी, भैरवीत कोमल रे, कल्याणात तीव्र म: हे स्वर लवकर आणि ठळकपणे यायला हवेत. प्रत्येक मोडवर काही दिवस काढून, त्यातला ओळखीचा स्वर धरून स्वतःच्या दोन ओळी बांधल्या, तर नावे आपोआप लक्षात राहतात.

पाचवी पायरी : कोणत्याही मोडचे मूळ मेजर शोधणे

गिटारवाल्यांना ही पायरी रोज लागते. मोड सांगितला आणि सा सांगितला, की तो कोणत्या मेजर स्केलच्या पट्ट्या वापरतो हे चटकन काढता आले पाहिजे. पुस्तकांत यासाठी अर्धस्वर मागे मोजायला सांगतात, पण सरगम येणाऱ्याला मोजदाद करायची गरज नाही. कल्याणाचा पंचम सा मानला की बिलावल मिळतो. खमाजाचा मध्यम सा मानला की बिलावल. काफीचा कोमल नी, आसावरीचा कोमल ग, भैरवीचा कोमल ध आणि लोक्रियनचा कोमल रे. त्या त्या मोडमधला हा स्वर म्हणजेच मूळ मेजरचा सा. पांढऱ्या पट्ट्यांवर पडताळून पाहिले तर सहाही वेळा उत्तर पांढरी एकच येते.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. काळी चारमध्ये गाणाऱ्यासाठी काफीच्या पट्ट्या हव्या आहेत. काळी चारचा कोमल नी म्हणजे तिच्या दोन पट्ट्या खाली, काळी तीन. तेव्हा काळी तीनचे मेजर वाजवायचे आणि काळी चारवर न्यास करायचा: काळी चार, काळी पाच, पांढरी सात, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन. पाचही काळ्या आणि फक्त दोन पांढऱ्या. त्यांतली पांढरी सात हा कोमल ग आणि पांढरी चार हा शुद्ध ध. दुसरे उदाहरण गिटारवरचे: ए मिक्सोलिडियन. ए चा मध्यम डी, म्हणून डी मेजरचे स्वर, म्हणजे एफ शार्प आणि सी शार्प, बाकी साधे. जी डोरियन विचारला तर जी चा कोमल नी एफ. एफ मेजरमधला एकमेव फ्लॅट बी चा, आणि तोच इथे कोमल ग म्हणून येतो.

ही युक्ती हाती आली की एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. मूळ मेजर हा शब्द सोयीपुरता आहे. मेजर ही या मोडची आई नसून सात बहिणींतली एक आहे. मध्ययुगीन युरोपच्या चर्चसंगीतात आठ मोड मानले जात, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन आणि त्यांचे प्रत्येकी एक उपप्रकार. आज ज्याला आपण मेजर म्हणतो तो आयोनियन आणि मायनर म्हणतो तो एओलियन या यादीत नव्हतेच. स्विस पंडित हाइनरिख ग्लारेआनुस यांनी १५४७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डोडेकाकॉर्डन’ या ग्रंथात त्यांची उपप्रकारांसह भर घालून मोडची संख्या बारा केली. आपल्याकडेही बिलावलाला शुद्ध थाटाचा मान अलीकडे मिळाला. प्राचीन षड्जग्रामाची स्वरमालिका आजच्या काफीच्या जवळची मानली जाते.

सहावी पायरी : कॉर्ड देताना

एकट्या सुरावटीसाठी तानपुरा पुरतो, पण गिटारवर कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या काही स्वरांच्या गटाची, साथ द्यायची झाली की मोड घसरण्याचा धोका वाढतो. डी डोरियनमध्ये डी मायनर आणि जी मेजर या दोनच कॉर्डवर राहावे. जी मेजरमध्ये बी, म्हणजे डोरियनचा ओळखीचा शुद्ध ध, आहेच. पण त्यांना जोडून सी मेजर वाजवला, की डी मायनर, जी, सी ही सी मेजरची सर्वांत परिचित परतीची वाट तयार होते आणि डोरियन तिथेच संपतो. जी मिक्सोलिडियनला जी आणि एफ, ई फ्रिजियनला ई मायनर आणि एफ, असे दोन कॉर्ड पुरतात. एफ लिडियनला एफ आणि जी घ्यावेत, मात्र मंद्रात एफ सतत वाजत ठेवावा, नाही तर जी मेजर लगेच सी कडे ओढतो. ए एओलियनमध्ये ए मायनर, जी, एफ चालतात. त्यात ई मेजर आणला तर जी शार्प, म्हणजे शुद्ध नी, येतो आणि ते हार्मोनिक मायनर होते. बी लोक्रियनमध्ये सा वरचा कॉर्डच डिमिनिश्ड (पंचम उतरलेला) येतो, तो स्थिरावत नाही.

कमी कॉर्डवर दीर्घकाळ राहण्याचा हा विचार ऐकून समजून घ्यायचा असेल, तर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ मधली ‘सो व्हॉट’ ही रचना ऐकावी. तिच्या ३२ बारच्या (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) आवर्तनात पहिले १६ बार डी डोरियन, पुढचे ८ अर्धस्वर वर ई फ्लॅट डोरियन आणि शेवटचे ८ पुन्हा डी डोरियन असतात. पेटीच्या भाषेत हा मोड तोच ठेवून सा एक पट्टी चढवून परत आणण्याचा प्रकार आहे. त्याबरोबर मूळ मेजरही पांढरी एकवरून काळी एकवर जाऊन परत येते.

मेजरच्या बाहेरचे चार थाट

दहांपैकी सहा थाट मेजरच्या मूर्च्छनेतून मिळाले. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मिळाले नाहीत, आणि कितीही सा हलवला तरी मिळणार नाहीत. कारण आकड्यांत दिसते: मेजरच्या आराखड्यात फक्त १ आणि २ आहेत, आणि या चारही थाटांत कुठे ना कुठे ३ आहे. भैरवाची अंतरे १, ३, १, २, १, ३, १ अशी आहेत. क्रिया मात्र त्यालाही लागू पडते. पांढरी एकवर भैरव लावा, म्हणजे पांढरी एक, काळी एक, पांढरी तीन, चार, पाच, काळी चार, पांढरी सात; मग तानपुरा मध्यमावर, पांढरी चारवर, न्या. तिथून ग आणि ध कोमल, मध्यम तीव्र, रे आणि नी शुद्ध अशी मालिका निघते. कर्नाटक पद्धतीच्या ७२ मेळकर्त्यांत (तिकडचे थाटांसारखे मूळ साचे) तिला सिंहेंद्रमध्यम हे नाव आहे, आणि तिचा क्रमांक ५७ आहे.